पाव, पंगत आणि चूल : नाशिकच्या मिसळीचा सामाजिक इतिहास, अमेरिकी डायनरच्या संदर्भात

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरून बारदान फाट्याच्या दिशेने जाणारी वाहने पाहिली, तर पुढे एखादी जत्रा भरली असावी असे परक्या माणसास वाटेल. त्यांतील पुष्कळांना केवळ मिसळ खावयाची असते. 'साधना'सारख्या ठिकाणी चुलीवरच्या मिसळीसाठी ताटकळत उभे राहण्यात नाशिककरांस कमीपणा वाटत नाही. हा विषय पाककलेच्या सदरात शोभेल, इतिहासाच्या अभ्यासात त्याचे काय काम, असा आक्षेप घेतला जाण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखात मात्र या ताटलीकडे सार्वजनिक जीवनाच्या इतिहासाचे एक साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तुलनेसाठी अमेरिकेतील 'डायनर' घेतले आहे, कारण कष्टकऱ्यांचे खाणे सुखवस्तूंची हौस कसे बनते, याचा तिकडील आलेख बराचसा पूर्ण झालेला आहे.

डायनरचा उगम सामान्यतः 1872 सालापर्यंत मागे नेला जातो. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे वॉल्टर स्कॉट याने घोड्याच्या गाडीतून रात्री खाद्यपदार्थ विकण्यास आरंभ केला. शहरातील उपाहारगृहे संध्याकाळीच बंद होत. वृत्तपत्राच्या छापखान्यातील व कारखान्यांतील रात्रपाळीच्या लोकांना गरम कॉफी, उकडलेली अंडी आणि पाय मिळण्याची दुसरी सोय नव्हती. पुढे या गाड्यांत बसण्याची व्यवस्था झाली, चाके गेली, आणि रेल्वेच्या भोजनडब्यासारखे दिसणारे, लांबट फळीसमोर बाकडी मांडलेले डायनर रस्तोरस्ती उभे राहिले. अंडी, तळलेला बटाटा, खिम्याचा भाजलेला वडा, पुन्हापुन्हा भरून मिळणारा कॉफीचा पेला आणि दिवसाच्या कोणत्याही प्रहरी मिळणारी न्याहारी, ही त्याची ओळख. तेथील वाढप्यांची स्वतंत्र बोलीही तयार झाली. टोस्टवर ठेवलेल्या दोन अंड्यांना 'तराफ्यावरचे आदम आणि हव्वा' म्हणत!

आपल्याकडील मिसळीचा व्यवहार याहून फार वेगळा नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण किंवा शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि पाव; नाशिकला त्याच्या जोडीला पापड, दही व वेगळ्या वाटीतला काळ्या मसाल्याचा रस्सा. कॉफीच्या पेल्याप्रमाणे हा रस्साही पुन्हा मागता येतो. प्रांतागणिक त्यास कट, तर्री वा सॅम्पल अशी नावे आहेत. मटकी कोरडवाहू जमिनीत येते, मोड आणल्याने ती फुगते, आणि थोड्या पैशांत पोटास आधार होतो. ठाण्याची प्रसिद्ध मिसळ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मामलेदार कचेरीच्या आवारात सुरू झाली, हे तिच्या नावातच नोंदले गेले आहे. नाशिकमध्येही जुन्या गावठाणातील व पंचवटीतील मिसळीची दुकाने बाजारकरी, यात्रेकरू आणि कारकून यांच्या बळावर चालली. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर सातपूरची वसाहत वाढली आणि पाळीवर जाणारा कामगार या व्यवसायास मिळाला. कांद्याच्या जिल्ह्यात असूनही भाव चढले की ताटलीत कांद्याऐवजी कोबी येतो, हा अनुभव मात्र येथील ग्राहकास नवा नाही.

परंतु कोण काय खात होते, यापेक्षा कोण कोणाशेजारी बसून खात होते, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. पोर्तुगीजांच्या संगतीने आलेला पाव हा दीर्घकाळ 'बाटवणारा' पदार्थ समजला जाई. विहिरीत पाव टाकून गाव बाटविल्याच्या कथा वसई भागात अजून सांगितल्या जातात. उसळ तर पाण्यात शिजविलेली, म्हणजे खरकट्याच्या नियमांत येणारी. हे दोन पदार्थ एका ताटलीत, परक्या हाताने वाढलेले, अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून खाणे, ही सोवळ्या समाजाच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृतींनी चहा घेतल्यावरून ग्रामण्य उभे राहिले व प्रायश्चित्ताचा वाद माजला. तो केवळ चहा होता. आणि घेणारे समाजाचे पुढारी होते. ज्यांना चहा वेगळ्या कपात, दाराबाहेर उभे राहून प्यावा लागे, त्यांची नोंद ठेवण्याची तसदी त्या काळच्या वृत्तपत्रांनी क्वचितच घेतली.

नाशिकच्या संदर्भात हा प्रश्न 2 मार्च 1930 पासून टाळता येत नाही. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक बाजू दादासाहेब गायकवाड यांनी सांभाळली. लढा सुमारे पाच वर्षे चालला, आणि ऑक्टोबर 1935 मध्ये याच जिल्ह्यातील येवला येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. 1950 साली अमलात आलेल्या संविधानाचे पंधरावे कलम या पार्श्वभूमीवर वाचावे. त्यात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांच्याबरोबरच विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा उल्लेख आहे. रामकुंड आणि मिसळीचे दुकान हे दोन्ही संविधानाने एकाच कलमात आणले, याकडे आपल्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने त्यास शिक्षेची जोड दिली.

अमेरिकेत हाच संघर्ष खाण्याच्या फळीपाशी झाला. 1 फेब्रुवारी 1960 रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातील गोऱ्यांसाठी राखीव फळीसमोर जाऊन बसले. त्यांनी कॉफी मागितली. ती नाकारण्यात आली. ते उठले नाहीत. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक उपाहारगृहांतील असा भेद बेकायदा ठरविला. डायनरच्या आठवणींत रमणारे लेखन ही फळी कोणासाठी बंद होती, हे पुष्कळदा विसरते.

आता पुन्हा गंगापूर रोड. राघोबादादा व आनंदीबाई यांच्या वास्तव्याची आठवण सांगणारे आनंदवल्ली, सोमेश्वरचे देऊळ, पुढे धरण, असा हा मूळचा मळ्यांचा रस्ता. 1982 मध्ये महानगरपालिका झाल्यानंतर तो महाविद्यालये, बंगले व सोसायट्यांचा झाला. येथे मिसळ खाण्यास येणारा बहुधा मोटारीतून, कुटुंबासह, सुटीच्या दिवशी येतो. कंदील, खाटा, बैलगाडी अशी खेड्याची सजावट आणि मध्यभागी धूर सोडणारी चूल त्याला हवी असते. 1946 साली बनलेले 'लेमीज डायनर' अमेरिकेतील हेन्री फोर्ड संग्रहालयात नेऊन ठेवले गेले, तशीच ही संग्रहालयाची वृत्ती आहे. फरक इतकाच की येथील वस्तू अजून पेटती आहे. खेड्यातील स्त्रियांची चुलीच्या धुरातून सुटका व्हावी म्हणून 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली. शहरातील मनुष्य त्याच धुराच्या वासासाठी जादा पैसे मोजतो. या विसंगतीची केवळ थट्टा करून भागणार नाही. चुलीचा धूर जिने आयुष्यभर डोळ्यांत घेतला, ती या सजावटीत बहुधा भाकरी थापणारी म्हणूनच दिसते. टेबलाशी बसलेली क्वचित दिसते.

या व्यवसायाची लेखी साधने विरळ आहेत. 1948 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदी, परवाने, जुन्या दरफलकांची छायाचित्रे आणि वृद्ध मालक, वाढपी व गिऱ्हाईक यांच्या आठवणी, एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते. त्यांतील आठवणी सर्वांत आधी नष्ट होणार, हे उघड आहे. याच रस्त्यावरील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हा मौखिक इतिहासाचा प्रकल्प विद्यार्थ्यांकरवी सहज हाती घेता येईल. दुकानात आत बसण्याची मुभा कोणाला केव्हा मिळाली, हा प्रश्न मात्र पहिल्या प्रश्नावलीतच असावा आणि तो वाढप्यालाही विचारावा. मुलाखती सकाळी सातच्या आत घ्याव्या लागतील. पहिली कढई उतरली की मालकाला बोलण्यास सवड राहत नाही.