शेपटीतला पृष्ठरज्जू : हर्डमानियाने शिकवलेला धडा

भारतातील अनेक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळांत एका बरणीत हर्डमानिया जपलेला असतो. दिसायला ओबडधोबड बटाट्यासारखा. डोके नाही, हाड नाही, जन्मभर खडकाला किंवा शंखाला चिकटलेला. तरीही तो मासा, पक्षी आणि माणूस यांच्याच संघात, म्हणजे समपृष्ठरज्जू प्राण्यांत गणला जातो. असे का?

लामार्कने प्राण्यांची विभागणी पाठीचा कणा असलेले आणि नसलेले अशी केली होती. हर्डमानियाच्या कुळातील प्राणी, म्हणजे ॲसिडियन, दीर्घकाळ मृदुकाय प्राण्यांतच मोजले जात. 1866 मध्ये रशियन भ्रूणशास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी त्यांच्या पिल्लांचा विकास तपासला. त्यांचा डिंभ बेडकाच्या पिल्लासारखा पोहत होता. शेपटीत पृष्ठरज्जू होता आणि त्याच्या वर पोकळ चेतारज्जू. डिंभ खडकाला चिकटला की शेपटी विरते आणि पृष्ठरज्जूही नाहीसा होतो. प्रौढाने पुसून टाकलेले नाते बालपणाने जपले होते. डार्विनने 1871 च्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये या शोधाची दखल घेतली.

तेव्हापासून कसोटी बदलली. पृष्ठरज्जू, पाठीकडील पोकळ चेतारज्जू आणि ग्रसनीतील कल्लाविदरे ही लक्षणे आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या अवस्थेत असली, तर तो प्राणी समपृष्ठरज्जू. त्यांपैकी बहुतेकांत पुढे पृष्ठरज्जूची जागा मणक्यांचा कणा घेतो, तो उपसंघ पृष्ठवंशीयांचा. माणसातही मणक्यांमधल्या चकतीचा मऊ गाभा पृष्ठरज्जूपासूनच घडतो. म्हणून प्रत्येक पृष्ठवंशीय प्राणी समपृष्ठरज्जू असतो. प्रत्येक समपृष्ठरज्जू प्राणी मात्र पृष्ठवंशीय नसतो.

हे ज्ञान भारतीय विद्यार्थ्यांपर्यंत आले ते प्रामुख्याने युरोपीय प्राण्यांच्या उदाहरणांतून. ही उणीव लखनौ विद्यापीठातील कर्म नारायण बहल यांनी ओळखली. भारतीय प्राण्यांवरील प्रबंधमालेचे संपादन त्यांनी हाती घेतले आणि 1926 मध्ये गांडुळावरील पहिला प्रबंध स्वतः लिहिला. याच मालेत 1936 मध्ये एस. एम. दास यांचा हर्डमानियावरील प्रबंध आला आणि भारतीय समुद्रातला हा प्राणी अभ्यासक्रमात स्थिरावला.

पृष्ठवंशीयांचा सर्वांत जवळचा नातलग माशासारखा दिसणारा ॲम्फिऑक्सस असावा, असे पुष्कळ काळ मानले जाई. 2006 मध्ये जनुकांच्या तुलनेने तो मान ॲसिडियनांच्या गटाला दिला. बरणीतला तो निश्चल गोळा परका नव्हे, भाऊबंदांपैकीच आहे.