पायची पारी

दिवाळीचा फराळ संपत येतो, करंज्यांच्या डब्याच्या तळाशी नुसता सारणाचा चुरा उरतो, आणि नेमक्या त्याच सुमारास इथल्या ग्रोसरीच्या दुकानांत लाल भोपळ्याच्या गराच्या डब्यांची रास लागते. थँक्सगिव्हिंग आला, आता पाय हवाच! आपल्या बऱ्याच घरांत मुलांच्या हट्टापायी पाय होऊ लागला आहे, पण त्याचे कवच मात्र हटकून विकतचे, गोठवलेले. "ते काही आपल्याला जमायचे नाही," असे म्हणणाऱ्या काकू आणि मावश्या दरवर्षी शंभर-दीडशे करंज्या सहज करतात, याची मला गंमत वाटते. कारण करंजीची पारी आणि पायची पारी यांचे मर्म एकच आहे, ते म्हणजे मोहन. आणि या मोहनाला इतिहासही आहे, तोही थेट कापसाच्या शेतातून जाणारा.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पायच्या कवचाला 'कॉफिन' म्हणत. दचकू नका, त्या काळी त्याचा अर्थ नुसता 'पेटी' असा होता. पीठ घट्ट मळून त्याची जाड भिंतींची पेटी करायची, आत मांस भरायचे आणि भट्टीत ठेवायचे. भांडेही तेच, झाकणही तेच. पुढे पिठात स्निग्ध पदार्थाचे प्रमाण वाढत गेले आणि कवच पातळ, खुसखुशीत, खाण्याजोगे झाले.

इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर पाय अमेरिकेत आला. १६२१ साली प्लिमथला झालेल्या प्रसिद्ध मेजवानीची जी समकालीन वर्णने आहेत, त्यांत पक्षी आहेत, हरणे आहेत, पण पायचा उल्लेख नाही. १७९६ मध्ये हार्टफर्डला अमिलिया सिमन्स यांचे 'अमेरिकन कुकरी' प्रसिद्ध झाले. अमेरिकन लेखिकेने लिहिलेले हे पहिले छापील पाकपुस्तक मानतात. त्यात भोपळ्याचे गोड सारण पारीत घालून भाजायची कृती आहे. १८६३ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकन यांनी थँक्सगिव्हिंगचा राष्ट्रीय सण जाहीर केला आणि भोपळ्याचा पाय देशभर रुजला. त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले. हा कापूस आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

आधी मोहनाचे काम काय ते पाहू. मैद्यात पाणी पडले की ग्लुटेनची जाळी तयार होते आणि पीठ चिवट होते. पोळीला तो चिवटपणा हवा, करंजीला नको. म्हणून आपण पाण्याआधी कडकडीत मोहन घालतो. पिठाच्या कणांभोवती तुपाचे आवरण बसते, पाणी सगळीकडे पोचत नाही आणि जाळी अपुरी राहते. इंग्रजीत 'शॉर्ट' या शब्दाचा 'ठिसूळ, खुसखुशीत' असाही एक जुना अर्थ आहे. म्हणून ते 'शॉर्टनिंग'. आपल्या आज्या ज्याला मोहन म्हणत, तेच हे!

पण मोहन कशाचे? अमेरिकेत ते बहुधा लार्डचे, म्हणजे डुकराच्या चरबीचे असे. ज्यू कुटुंबांना ती निषिद्ध, आणि त्यांच्या धर्मनियमानुसार मांसाच्या जेवणाबरोबर लोणीही चालत नाही. मग पाय करायचा कसा?

उत्तर सरकीतून आले. कापसातून रुई वेगळी काढली की रुईपेक्षा सरकीच वजनाने जास्त उरते. वऱ्हाडात ती दुभत्या जनावरांना घालतात. इथे दक्षिणेत ती बरीचशी वायाच जाई. पुढे तिचे तेल निघू लागले आणि सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने ते साबणासाठी वापरले. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ साली द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्याच तंत्राने १९११ मध्ये 'क्रिस्को' बाजारात आले. सरकीच्या तेलाचे, पांढरेशुभ्र, लार्डसारखे घट्ट. कंपनीने पाककृतींची पुस्तके वाटली, ज्यू गृहिणींसाठी यिद्दिश आणि इंग्रजीतूनही पुस्तक काढले. एका पिढीत अमेरिकेच्या पायचे मोहन बदलले.

आपल्याकडेही हेच घडले. मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि १९३७ मध्ये 'डालडा' आला. साजूक तूप परवडत नसे, तिथे ताडाच्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा पोचला. करंजीचे मोहन आणि चिरोट्याचा साटा कितीतरी घरांत डालड्याचा होऊ लागला. ओहायोतली आजी आणि सोलापूरची आजी, दोघी एकाच रसायनाचे मोहन घालत होत्या. अल्गोरिदम एकच, फक्त डबा वेगळा!

१९६५च्या कायद्यानंतर आपली मंडळी इथे येऊ लागली. शाकाहारी घरांना पहिला धडा मिळाला तो पाकिटावरची बारीक अक्षरे वाचण्याचा. दिसायला निव्वळ फळांचा पाय, पण पारीत लार्ड. तिथे क्रिस्कोसारख्या वनस्पती तुपाने सोय केली.

पण या सोयीची किंमत होती. अर्धवट हायड्रोजन मिसळलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होतात. त्यांनी वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले घटते, असे १९९० मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवले. अमेरिकेत २००६ पासून पाकिटावर ट्रान्स फॅटचा आकडा छापणे सक्तीचे झाले, आणि २०१५च्या निर्णयानुसार अशी तेले पुढच्या काही वर्षांत खाद्यपदार्थांतून हद्दपार झाली. क्रिस्कोची घडणही बदलली. भारतात २०२२ पासून तेल-तुपातील औद्योगिक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. शंभर वर्षांचा फेरा मारून दोन्ही स्वयंपाकघरे पुन्हा लोण्या-तुपापाशी आली आहेत.

आता प्रत्यक्ष पारी. वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग पाणी. नऊ इंची एका पारीला सव्वा कप मैदा, चिमूटभर मीठ, थंडगार लोण्याची एक स्टिक आणि तीन-चार मोठे चमचे बर्फाचे पाणी. करंजीत मोहन कडकडीत, इथे अगदी थंड. लोणी पिठात चोळताना वाटाण्याएवढे तुकडे राहू द्यायचे. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. साट्याच्या करंजीत आपण तुपाचे थर लाटून देतो, इथे तुकडे आपले आपणच थर देतात. पाणी घातल्यावर पीठ मुठीत दाबून पाहायचे, मूठ वळली की पुरे. मळायचे अजिबात नाही. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून लाटायचे. लोण्याऐवजी थिजलेले साजूक तूपही चालते. तुपात पाणी नसते, म्हणून तूप थोडे कमी आणि पाणी जरा जास्त.

सफरचंदाच्या पायला दोन पाऱ्या, वरचीला वाफ जायला चिरा. भोपळ्याच्या पायला एकच. लिंबाच्या क्रीमचे सारण असेल तर पारी आधी रिकामी भाजावी लागते. ती फुगू नये म्हणून वर कागद आणि त्यावर कोरडा राजमा पसरायचा. लाटायचा कंटाळा असेल तर ग्रॅहम क्रॅकरचा चुरा आणि वितळलेले लोणी ताटलीत थापले की झाले. आपल्याकडचा आंब्याचा पाय बहुधा याच पारीत होतो. ज्यांच्या नावाने हे क्रॅकर ओळखले जातात, ते सिल्व्हेस्टर ग्रॅहम शाकाहाराचे कट्टर प्रचारक होते. १८५० मध्ये अमेरिकन व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन करणाऱ्यांत ते होते. आंबा घट्ट करायला मात्र जिलेटिन घालू नका. ते प्राण्यांपासून करतात, अगर-अगरने काम भागते.

तेव्हा मंडळी, यंदा करंज्या करताना मुलांना ओट्याशी बोलवा. मोहन घातलेल्या पिठाची मूठ वळते का, ते त्यांच्याच हाताने पाहू द्या. मग थँक्सगिव्हिंगला पायची पारी त्यांच्यावरच सोपवा.