डब्यावरील तारीख

१९३८ साली इंग्लंडमध्ये प्राध्यापक ड्रमंड व त्यांचे सहकारी यांनी एक जुनाट पत्र्याचा डबा उघडला. डब्यात भाजलेले मांस होते. कॅप्टन पॅरी १८२४ साली अमेरिकेच्या उत्तरेकडील हिमसागरातून वाट शोधावयास निघाला, त्या वेळच्या शिध्यातील हा डबा. तो न फुटताच मायदेशी परतला आणि पुढे संग्रहालयात पडून राहिला. ११४ वर्षांनी बाहेर निघालेले ते मांस उंदरांस चारून पाहण्यात आले. उंदीर सुखरूप राहिले. त्याच सफरीत ‘फ्यूरी’ हे जहाज १८२५ साली निकामी झाले व त्यावरील शिधा किनाऱ्यावर सोडून द्यावा लागला. पुढे जॉन रॉस व त्याचे खलाशी बर्फात अडकले, तेव्हा १८३२-३३ चा दीर्घ हिवाळा त्यांनी ह्याच टाकून दिलेल्या शिध्याच्या आधारावर काढला. अमुक दिवसापर्यंत खावे, असे डब्यावर लिहिण्याची पद्धत त्या काळी नव्हतीच.

आता ह्याच्या अगदी उलट हकीगत पाहावी. १८५२ च्या जानेवारीत गॉस्पोर्ट येथील ब्रिटिश आरमाराच्या कोठारात गोल्डनर नावाच्या मक्तेदाराने पुरविलेल्या डब्यांची तपासणी झाली. डब्यामागून डबा सडका निघाला व बहुतेक माल फेकून द्यावा लागला. हा माल अवघ्या काही वर्षांचा होता. डबे फार मोठे असल्यामुळे उष्णता त्यांच्या मध्यापर्यंत पोहोचली नाही, असे एक कारण सांगितले जाते. तेव्हा अन्न किती टिकावयाचे हे मुख्यत्वे ते बंद करतानाच ठरून जाते. दिवस मोजण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

ह्या विद्येचा जनक निकोला आपेर हा पेशाने मिठाईवाला. अन्न बाटलीत भरावयाचे, घट्ट बूच मारावयाचे आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवावयाची, ही त्याची कृती. ती छापून प्रसिद्ध करावी ह्या अटीवर फ्रेंच सरकारने त्याला १८१० साली १२,००० फ्रँक दिले. गंमत अशी की, अन्न का टिकते हे स्वतः आपेरलाही ठाऊक नव्हते. सारा दोष हवेचा, अशीच तेव्हाची समजूत होती. सूक्ष्म जंतूंचे कर्तृत्व पाश्चरने सिद्ध करीपर्यंत आणखी अर्धशतक लोटले.

अन्नाची परीक्षा नाकाने करण्याची रीत घरोघर आहे, आणि नासलेले दूध किंवा खवट तेल ओळखण्यास ती पुरेशीही असते. परंतु १८९५ साली बेल्जममधील एलझेल गावी एका अंत्ययात्रेस आलेल्या वादकांनी खारविलेले डुकराचे मांस खाल्ले आणि त्यांतील तिघे प्राणास मुकले. व्हान एर्मेंगेम ह्या शास्त्रज्ञाने त्या मांसातून जो जंतू शोधून काढला तो हवेवाचून वाढतो, त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, आणि त्याचे विष नाकाला वा जिभेला कळेलच असा भरवसा नसतो. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये प्रेस्कॉट व अंडरवुड ह्यांनी डब्यास किती उष्णता किती वेळ द्यावयाची, ह्याचे प्रयोग आरंभिले. आज असे डबे वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात ते ह्याच बीजाणूंच्या नाशासाठी. फुगलेला किंवा गळका डबा फेकून द्यावा, मग त्यावरील तारीख पुढल्या वर्षाची का असेना.

ग्राहकाला वाचता येईल अशी तारीख ह्या सर्वांच्या मानाने अलीकडची. पूर्वी कारखानदार डब्यांवर सांकेतिक अक्षरे उमटवीत; त्यांचा अर्थ तेच जाणत. १९७० नंतरच्या दशकात ग्राहकांनी उघड्या तारखेचा आग्रह धरला. युरोपीय समुदायाने १९७९ साली ती बंधनकारक केली आणि १९८९ साली तिचे दोन भाग पाडले. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे चव, वास व कुरकुरीतपणा ह्यांविषयी उत्पादकाने दिलेली हमी. ती मुदत उलटली म्हणून बिस्किटाचे विष होत नाही. ‘यूज बाय’ मात्र लवकर नासणाऱ्या पदार्थांसाठी. तेथे प्रश्न प्रकृतीचा. थंड कपाटातही हळूहळू वाढणारे जंतू असतात.

भारतात २०२० च्या लेबलविषयक नियमांनी ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख सक्तीची केली व ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवली. मुदत उलटलेला माल दुकानदाराने विकू नये हे त्यामुळे स्पष्ट झाले, परंतु बिस्किटे आणि पनीर ह्यांवर एकच शब्द आल्याने मूळचा भेद पुसट झाला, हेही खरे. घरातील फळीवर हा भेद आता पदार्थाच्या जातीवरूनच करावा लागतो. शिवाय तारीख कोणतीही असो, ती न उघडलेल्या आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या पाकिटाची असते. उन्हाळ्यात दोन तास ओट्यावर राहिलेल्या दुधाच्या पिशवीला ती लागू नाही. आणि झाकण एकदा उघडले की, ‘उघडल्यानंतर इतक्या दिवसांत संपवावे’ ही बाजूची बारीक अक्षरांतील ओळच तेवढी उरते.