बिब्बा आणि धोब्यावरचा ठपका

वाशीमचें नांव निघतांच आमच्या वाचकांस वाकाटकांची वत्सगुल्म नगरी आठवेल. परंतु राजवंशांप्रमाणें सामान्य वस्तूंसही इतिहास असतो. वऱ्हाडांतील बिब्बा ही अशीच एक वस्तु होय. दारावर लिंबू-मिरचीच्या जोडीला तो ओवितात, टाचांच्या भेगांस त्याचें तेल लावितात, आणि त्याच्या पोटांतील गोडंबी बाळंतिणीच्या लाडवांत घालितात. मात्र टरफलांतील काळें तेल अंगास लागलें, कीं पुष्कळांची कातडी सुजून फोड येतात. यालाच आपण बिब्बा उतणें म्हणतों.

चरकसंहितेनें रसायन म्हणून भल्लातकाचा गौरव करितांना त्यास अग्नीची उपमा दिली आहे. ती यथार्थ असली तरी अपुरी आहे. दाट तेल लागल्यास तें कोणाचीही त्वचा जाळील. हा निवळ दाह झाला. परंतु एखाद्यास पहिल्या स्पर्शीं कांहींच होत नाहीं, आणि पुढें नुसता डाग लागला तरी एक-दोन दिवसांनीं पुरळ उठतें. पहिल्या भेटींत शरीरानें तो पदार्थ वैरी म्हणून ओळखून ठेविलेला असतो. अशा विपरीत प्रतिक्रियेस ॲलर्जी म्हणतात. हा शब्द फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं योजिला. ही ओळख पेशींच्या द्वारें एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेतां येते, असें लांडस्टायनर व चेस यांनीं १९४२ सालीं गिनीपिगांवर सिद्ध केलें.

हा भेद ठाऊक नसला, म्हणजे दोष भलत्याच्याच माथीं बसतो. कपडे ओळखूं यावे म्हणून धोबी त्यांवर बिब्ब्याच्या रसानें खूण करीत. चुन्यानें ती पक्की होई. इकडे इंग्रजी अमदानींत गोऱ्या लोकांनीं जांघेंतील नायट्यास ‘धोबी इच’, म्हणजे धोब्याची खाज, असें नांव देऊन ठेविलें होतें. नायटा वस्तुतः बुरशीचा; पण या नांवामुळें कपड्याखालीं उठणाऱ्या प्रत्येक पुरळाबद्दल धोब्याची अस्वच्छता संशयास्पद ठरे. १९४३ सालीं अमेरिकन लष्करी डॉक्टरांनीं हिंदुस्थानांतील सैनिकांच्या एका निराळ्या पुरळाचें वर्णन प्रसिद्ध केलें. कपड्यावरील खूण त्वचेस जेथें टेकत असे, नेमकें तेथेंच तें उठे. जागेनेंच कारण सांगितलें: अपराध घाणीचा नव्हता, बिब्ब्याचा होता.

या हकिकतीचा बोध आजही शिळा झालेला नाहीं. गोडंबी फोडणाऱ्या बायांचे हात काळवंडतात, त्यांवर फोड येतात. तें पाहून स्पर्श टाळणारे सुशिक्षितही आम्ही पाहिले आहेत. बिब्ब्याचें पुरळ संसर्गजन्य नव्हे. अंगास वा वस्त्रास लागलेलें तेल धुऊन गेल्यावर तें एकाचें दुसऱ्यास होत नाहीं. त्या हातांस विटाळ मानण्यापेक्षां त्यांचें तेलापासून रक्षण करणें, हेंच लाडू खाणारांचें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.