मध्यरात्रीचा जॉब कोणाचा?

१/ अंधेरीचे सीप्झ १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी स्थापन झाले. पुढे तेथून सॉफ्टवेअरही परदेशी जाऊ लागले. १९९७ साली 'फ्लेक्सक्यूब' हे बँकिंग सॉफ्टवेअर आले. ते करणारी कंपनी पुढे आय-फ्लेक्स म्हणून गाजली. आज ओरॅकलच्या नावाने तिचे कार्यालय गोरेगावात आहे. बँकेच्या प्रणालीचा खरा कस लागतो तो 'एंड ऑफ डे'ला: व्याजाची आकारणी, नोंदींचा ताळमेळ, तारीख पुढे सरकवणे. आणि हे सारे बहुधा पडद्यासमोर कोणी नसताना.

२/ ठरल्या वेळी काम सुरू करणारे युनिक्सचे 'क्रॉन' १९७०च्या दशकातले. ते दर वेळी नवा प्रोग्राम उठवते. जावाचा सर्व्हर मात्र अखंड चालू असतो, डेटाबेसच्या जोडण्या त्याच्या हाती असतात. तेव्हा घड्याळच सर्व्हरच्या आत आणावे, हे ओघाने आले. जेम्स हाउस यांचे 'क्वार्ट्झ' त्यातूनच २००१च्या सुमारास आकाराला आले.

३/ दुसरी धारा वेगळीच. रॉड जॉन्सन यांच्या २००२च्या पुस्तकातील कोडमधून 'स्प्रिंग' उगवले. जानेवारी २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या लेखाने 'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव रूढ केले. ऑब्जेक्टने आपली साधने स्वतः शोधू नयेत, कंटेनरने ती आणून द्यावीत, एवढेच त्याचे सार.

४/ दोन्ही धारा मिळाल्या आणि पेच पडला. क्वार्ट्झ जॉबचा ऑब्जेक्ट स्वतःच घडवी. कंटेनरला त्याचा पत्ताच नसे. साधनांच्या जागा रिकाम्या राहत आणि जॉब 'नल पॉइंटर'वर कोसळे. उपाय निघाला 'जॉब फॅक्टरी'चा: ऑब्जेक्ट घडवण्याचे काम क्वार्ट्झकडून काढून कंटेनरकडे द्यायचे.

५/ कोसळणारा जॉब परवडला. निदान तो ओरडतो. ट्रान्झॅक्शनची खूण मात्र कंटेनरबाहेरच्या ऑब्जेक्टवर मुकाट निष्प्रभ ठरते. अर्ध्या खात्यांत व्याज जमा, अर्धी तशीच! म्हणून जाणत्यांनी जॉब दोन ओळींचा ठेवला आणि खरे काम कंटेनरने घडवलेल्या सर्व्हिसकडे सोपवले.

६/ डिसेंबर २००९ मध्ये स्प्रिंग ३.० आणि जावा ईई ६ दोन्ही आली. आता कंटेनरच्याच ऑब्जेक्टवर वेळेची खूण लिहिता येऊ लागली. तरी क्वार्ट्झ मागे पडले नाही. वेळापत्रक डेटाबेसात टिकवणे, अनेक सर्व्हरांपैकी एकानेच जॉब उचलणे, हे स्प्रिंगची खूण आपणहून करीत नाही.