पीएचपीतील गुणधर्मांची घोषणा: थोडा इतिहास

विद्यार्थी मित्रांनो, निकालाच्या प्रोग्राममध्ये 'मार्क्स' हा गुणधर्म आहे आणि घाईत तुम्ही 'मार्क' ला किंमत दिलीत, तर काय होईल? पीएचपी मुकाट्याने 'मार्क' हा नवा गुणधर्म तयार करीत असे. 'मार्क्स' शून्यच राही आणि विद्यार्थी नापास!

पीएचपी ४ मध्ये घोषणेसाठी 'व्हार' होता. २००४ साली पीएचपी ५ ने पब्लिक, प्रोटेक्टेड, प्रायव्हेट आणले. २०१९ च्या ७.४ आवृत्तीत गुणधर्माचा टाइपही लिहिता येऊ लागला. तरीही अघोषित गुणधर्म चालतच राहिले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये ८.२ आवृत्तीने नेहमीच्या क्लासमध्ये त्यांवर 'डेप्रिकेटेड' हा इशारा सुरू केला. प्रोग्राम थांबत नाही, पण चूक दिसते.

म्हणून प्रत्येक गुणधर्म क्लासमध्ये आधी घोषित करा. इशारा आला तर तो दाबू नका, स्पेलिंग तपासा.