आतडे सुटले, रोग नाही

आतड्यात आतडे शिरणे, म्हणजे इंटससेप्शन, हा लहान मुलांचा आजार. मोठ्या माणसात तो दिसला तरी बहुधा आपोआप सुटतो, असे मत हल्ली बरेचदा ऐकू येते. ते अगदीच निराधार नाही. म्हणून आधी पूर्वपक्ष नीट मांडतो.

लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८७१ साली दोन वर्षांच्या एका मुलीचे पोट उघडून शिरलेले आतडे हाताने मागे काढले आणि ती मुलगी वाचली. आज बहुतेक मुलांना शस्त्रक्रियाही लागत नाही. गुदद्वारातून हवा किंवा द्रव दाबाने सोडून आतडे जागेवर आणतात. मोठ्या माणसांच्या बाबतीत सीटी स्कॅनने नवी माहिती दिली. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये कधी लहान आतड्याचा तुकडा पुढच्या तुकड्यात शिरलेला दिसतो. गाठ नसते, अडथळा नसतो, लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आत असते. पुन्हा पाहावे तर काहीच नसते. अशा माणसाच्या पोटावर सुरी चालवणे गैरच. इथवर मला मान्य आहे.

हाच न्याय मोठ्या आतड्याला लावला जातो, तिथे माझा विरोध आहे. मुलांमध्ये दहातल्या सुमारे नऊ वेळा ठोस कारण सापडत नाही. शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्या प्रौढांत मात्र बहुतेकांच्या आतड्यात काहीतरी सापडतेच. आणि जागा मोठ्या आतड्याची असेल तर निम्म्याच्या आसपास, काही रुग्णमालिकांत त्याहूनही अधिक वेळा, तो कर्करोग असतो. आतड्याच्या पोकळीत वाढलेल्या गाठीला आतडे अन्नाच्या घासासारखे पुढे ढकलू लागते. गाठ भिंतीला चिकटलेली, म्हणून भिंतही तिच्यामागे ओढली जाते, सोबत रक्तवाहिन्यांचा पडदाही. आधी शिरा दबतात, सूज येते. पुढे धमन्या दबल्या की आतडे सडते. मोठ्या आतड्याच्या सैल असलेल्या भागांत, म्हणजे उंडुक, आडवे आतडे आणि गुदाशयाआधीचे सिग्मॉइड इथे, हे विशेष घडते. इथे शिरणे हा परिणाम आहे. तो दूर झाला तरी गाठ जागच्या जागी राहते.

‘कर्करोगाचा पुरावा नसताना आतडे का कापावे? आधी मागे काढून पाहा,’ असा दुसरा आक्षेप. चरबीची साधी गाठ सीटीवर बरेचदा ओळखू येते, हे खरे. पण सुजलेल्या आतड्यात इतर गाठींचा निवाडा अवघड असतो, आणि वरवरच्या सडलेल्या थराचा तुकडा तपासून ‘कर्करोग नाही’ असा अहवाल आला तरी त्यावर विसंबता येत नाही. ओढताना कर्कपेशी पसरतात, हा मुद्दा जुन्या शल्यविशारदांनी आग्रहाने मांडला. त्याचा भक्कम पुरावा नाही, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही. माझा आधार साधा आहे: जो भाग लसीकाग्रंथींसह काढायचाच आहे, तो आधी मागे ओढून काही मिळत नाही, उलट ठिसूळ भिंत फाटून पोटात विष्ठा सांडण्याचा धोका ओढवतो. सिग्मॉइड गुदाशयात उतरले असेल तर अपवाद करावा. तिथे हलक्या हाताने मागे काढल्यास गुदद्वार वाचू शकते, पोटावरची शौचाची कायमची पिशवी टळू शकते.

‘आपोआप सुटते’ या मताची किंमत रुग्ण मोजतो. प्रौढात दुखणे बहुधा एकदम भडकत नाही. आठवडे, महिने कळ येते आणि जाते. मग ओवा-हिंग होते, गॅसची गोळी होते, शौचातले रक्त मूळव्याधीच्या खात्यात जमा होते आणि पांडुरोगावर लोहाच्या गोळ्या सुरू राहतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला अशी थांबून थांबून कळ येत असेल, सोबत रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर कळ थांबलेली असतानाही सीटी आणि कोलोनोस्कोपी करून घ्या. अहवालात ‘इंटससेप्शन सुटले’ असे असेल, तर डॉक्टरांना विचारा: आतडे लहान होते की मोठे? मोठे असेल, तर गाठ नाही याची खात्री होईपर्यंत तपास थांबवू नका.